वाढत्या अंगाची बंदूक

चाळीस वर्षं मी पाचगणीत शाळांचे गणवेश शिवले. जूनमध्ये इथल्या बोर्डिंगच्या शाळा उघडल्या की माझ्या ओट्यावर आयांची आणि मुलांची नुसती रीघ लागे. बाहेर धुकं आणि पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा ढीग, आणि प्रत्येक आईचं एकच पालुपद : “बाई, जरा वाढत्या अंगाचं करा हं!” मीही करीत असे. सदरा दोन बोटं सैल झाला, चड्डी गुडघ्याखाली आली, तर कुणाचं काही बिघडत नाही. आत दुमड ठेवायची, पोर वाढलं की उसवायची.

पण मैत्रिणींनो, वाढत्या अंगाची बंदूक घ्यावी का? असा प्रश्न माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईपुढे येईल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आला खरा. तोही थेट अमेरिकेत.

माझा धाकटा मुलगा कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सला असतो. तिथेच स्थायिक झालाय, आता तिथला नागरिकही आहे. सून सांगलीची. तिच्या माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आमच्याकडे सगळं चालतं, पण लग्न झाल्यापासून मी कधी तिला आग्रह केला नाही आणि तिने कधी आमच्या पातेल्याला नाक मुरडलं नाही. असं आमचं गुण्यागोविंदाने चाललेलं. २०२४ च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सून हलक्या आवाजात म्हणाली, “आई, तुम्ही याला जरा समजवा. शिकारीला जायचं म्हणतोय. एल्कच्या.”

‘हा’ म्हणजे माझा तेरा वर्षांचा नातू.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ म्हणा. मादी सव्वादोनशे किलोंची, नर तीनशेच्या पुढे. सिलोनमध्ये राहणारे इंग्रज तर तिथल्या सांबरालाच एल्क म्हणत. कोलोरॅडोत त्यांचे कळप गावाच्या वेशीपर्यंत येतात. पावणेतीन लाखांच्या आसपास एल्क आहेत त्या एका राज्यात. गंमत अशी की शंभरएक वर्षांपूर्वी तिथे ते जेमतेम उरले होते, शेजारच्या वायोमिंगहून आणून सोडावे लागले. आता दरवर्षी किती मारायचे ते सरकार ठरवतं आणि परवान्यांची सोडत निघते. नातवाला मादीचा परवाना लागला होता. बारा वर्षं पुरी झाली की मोठ्या जनावराचा परवाना मिळतो. त्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी लागते, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर जाणकार मोठा माणूस असावाच लागतो. हे सगळं नातवाने चोख केलं होतं. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ अकराव्या वर्षापासून त्याला बावीसच्या हलक्या रायफलीने निशाणावर नेम धरायला शिकवत होते. माझा मुलगा या सगळ्याला राजी. सून मात्र अजिबात नाही.

तिची दोन कारणं होती. जीव घ्यायचा, हे एक. दुसरं तिने नुसतं म्हणून दाखवलं नाही, मला मोबाइलवर दाखवलं. त्याच राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये १९९९ साली दोन मुलांनी बंदुका नेऊन बारा मुलं आणि एक शिक्षक मारले होते. “हा बालवाडीत होता तेव्हापासून यांना वर्गात दिवे मालवून गप्प बसून राहायचा सराव करायला लावतात, आई. आणि मी घरात बंदूक आणू?” यावर मी काय बोलणार? आपल्याकडे शाळेत आग लागली तर काय करायचं तेवढंच शिकवतात.

ती माझ्याकडे वेगळ्याच आशेने पाहत होती. माझ्या माहेरची गोष्ट तिला ठाऊक होती. ती आठवून मी नातवाला ‘नाही’च म्हणेन, असा तिचा हिशेब.

ती गोष्ट अशी. माझं माहेरही पाचगणीचंच. वडिलांचं बाजारात किराण्याचं दुकान, पण रविवारी माणूस दुकानात सापडायचा नाही. त्यांनी एका पारशी बंगलेवाल्याकडून जर्मन मॉझर रायफल घेतली होती, चारशे तेवीसची. तो गृहस्थ सहा फुटी आणि वडीलही जवळपास तेवढेच, त्यामुळे ती त्यांना अंगासरशी बसे. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. १९६५ च्या जानेवारीत वडील दादाला बरोबर घेऊन जावळीच्या रानात उतरले. कोयनेचं धरण तेव्हा नुकतंच झालं होतं. दादा पंधरा वर्षांचा, मी बाराची. दादाचा हट्ट होता की बार आपण काढणार. वडिलांनाही कौतुक. दुसरी बंदूक होती बाराची दुनळी, पण सांबराला रायफलच हवी, म्हणून ती मॉझर त्यांनी दादाच्या हातात दिली.

कारवीतून हाका झाला आणि सांबर निघालं. पुढचं दादाने मला फार वर्षांनी सांगितलं. दस्ता इतका लांब की खांद्यात बसवला तर बोट चापापर्यंत पोचेना. म्हणून त्याने तो काखेत धरला. आदल्या दिवशी सरावाला दोनच गोळ्या झाडल्या होत्या, पण त्यांच्या धक्क्याने खांदा इतका दुखत होता की चाप ओढताना त्याचे डोळे आपोआप मिटले. गोळी पोटात लागली. सांबर पडलं नाही, दरीत उतरून गेलं.

वडील आणि वाटाड्या दोन दिवस रक्ताचा माग काढत हिंडले. तिसऱ्या दिवशी गिधाडं फिरताना दिसली, तेव्हा ठिकाण कळलं. वडील रिकाम्या हाताने घरी आले आणि न जेवता झोपले. आईने दादाच्या काळ्यानिळ्या खांद्यावर रक्तचंदनाचा लेप लावला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला कुणी रागावलं नाही. वडील एवढंच म्हणाले, “पोराचं काय चुकलं? बंदूक माझ्या मापाची होती.”

दादाने पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक असते ना, तिलासुद्धा नाही. पुढे १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडचे शिकारीचे परवानेच बंद झाले. ते बंद झाले ते चांगलं झालं असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या डोंगरात आता उरलंय किती? महाबळेश्वरच्या वाटेवर संध्याकाळी रानगवा दिसला तर गाडी थांबवून हात जोडावेसे वाटतात.

तर सुनेला वाटलं, सासूबाई नाही म्हणतील. आणि मी नाही म्हणूही शकले असते. पण त्याच संध्याकाळी शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले आणि मुलाला म्हणाले, “नवी बंदूक कशाला घेता? माझी थ्री-हंड्रेड मॅग्नम आहे ना, तीच नेईल तो. अजून चार वर्षांनीही त्याला तीच लागणार.” पैसे वाचले म्हणून माझा मुलगा खूश. मी मात्र जागच्या जागी थिजले. वाढत्या अंगाचं करा हं!

रात्री मी सुनेला म्हटलं, “जाऊ नको असं मी त्याला सांगणार नाही. पण ती बंदूक घेऊन तो जाणार नाही.” तिचा चेहरा उतरला. “एवढं बघूनसुद्धा, आई?” म्हणाली, आणि मग चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. माझ्यापाशी तिला पटेल असं उत्तर नव्हतं. नातू दोन वर्षं मेहनत करत होता, बाप त्याच्या बाजूचा होता, जाणं ठरल्यासारखंच होतं. माझ्या हातात ठरवण्यासारखं राहिलं होतं ते एवढंच, की कोणती बंदूक घेऊन जायचं.

शनिवारी आम्ही बंदुकांच्या दुकानात गेलो. मोठं वाण्याचं दुकान असावं तसं दुकान, फळ्यांवर काडतुसांचे खोके. दुकानदाराने काढून दाखवल्या त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या. मी पर्समधून टेप काढला. तो हसला, पण टेप बघून नव्हे, मी कुठे लावते ते बघून. कारण माप कुठे घ्यायचं ते मला दादाच्या गोष्टीने शिकवलं होतं : दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंत. कोपर काटकोनात दुमडायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं, बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात आलं पाहिजे. मोठ्यांच्या रायफलीचं हे माप साडेतेरा ते पावणेचौदा इंच भरतं. नातवाला ते साडेबारा लागत होतं. एक इंच म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. ब्लाउजची बाही एक इंच चुकली तर हात वर करता येत नाही, हे विसरू नका.

तरुण मुलांसाठी आखूड दस्त्याच्या रायफली मिळतात, आणि काहींना मागे चकत्या लावून लांबी वाढवता येते. म्हणजे दुमड आतच ठेवलेली! हे पाहून मला त्या कारखानदाराचा हात धरावासा वाटला.

मग जातीचा प्रश्न. इथे मला काही कळत नव्हतं, म्हणून मी खोदून खोदून विचारत राहिले आणि नातू मराठीत सांगत राहिला. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे एल्कसाठी गोळीचा व्यास इंचाच्या चोवीस शतांशांहून कमी चालत नाही, आणि वजन पंच्याऐंशी ग्रेनच्या खाली नको. त्यात बसणाऱ्या सौम्य जातींपैकी एक म्हणजे टू-फोर-थ्री. धक्का अगदी कमी, पोरांच्या हातात बहुतेक तीच देतात. हरणाला उत्तम. पण एल्कचा खांदा, बरगड्या दणकट. कसलेला माणूस टू-फोर-थ्रीने एल्क नीट पाडतो, नवशिक्याचा नेम चार बोटं सरकला तर ती कमी पडायची भीती. उलट टोकाला शेजाऱ्यांची थ्री-हंड्रेड मॅग्नम. ताकद उदंड, पण धक्काही तसाच.

या दोन्हींच्या मधली निघाली ती ‘सेव्हन एमएम झिरो-एट’. थ्री-नॉट-एटचंच पितळी काडतूस, फक्त गळा सात मिलिमीटरपर्यंत आवळलेला. टू-फोर-थ्रीसुद्धा त्याच काडतुसाची, गळा आणखी अरुंद. एकाच तांब्याला वेगवेगळी तोंडं बसवावीत तसा प्रकार. सात एमएमच्या एकशेचाळीस ग्रेनच्या गोळीचा धक्का मॅग्नमच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि दीड-दोनशे यार्डांवर एल्कला ती पुरून उरते.

दुकानदार शेवटी एक पाच पौंडांची नाजूक रायफल दाखवू लागला, पोराला डोंगरात वाहायला सोपी म्हणून. मला पटलंच होतं. पण नातूच म्हणाला, “आजी, हलकी जास्त लाथ मारते.” खरंच की. जड जातं जागेवर बसतं, हलकं घरभर नाचतं. दुर्बिणीसकट सात पौंड भरेल अशी घेतली. दुर्बीण बसवतानाही डोळा आणि भिंग यांत चांगलं चार बोटं अंतर राहील असं पाहिलं, नाहीतर धक्क्याबरोबर कड भुवईवर आपटते. सगळं मिळून पाचशे डॉलरच्या वर गेलं. मुलगा कुरकुरला. मी म्हटलं, माझ्या विमानाच्या तिकिटाएवढेसुद्धा नाहीत. तिथल्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे पैसे भरून तीन दिवस थांबल्यावर बंदूक हातात मिळाली.

सून त्या तीन दिवसांत काही बोलली नाही. चौथ्या दिवशी बंदूक घरी आली तेव्हा तिने आधीच एक पोलादी कपाट मागवून ठेवलेलं होतं. मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवायची हा तिथे २०२१ पासून कायदाच आहे. ती म्हणाली, “बोल्ट काढून वेगळा ठेवायचा. गोळ्या गॅरेजमध्ये, दुसऱ्या कुलपात. आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.” माझा मुलगा काही बोलणार होता, मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

मग सराव. शेजारच्या गृहस्थांनी मॅग्नम नाकारल्याचा राग धरला नाही, हा त्यांचा मोठेपणा. कानांवर जाड टोप्या, एका बैठकीला नव्या रायफलीच्या दहाच गोळ्या, बाकी सगळा नेम जुन्या बावीसवर. ते एक युक्ती करीत. पाठमोरे होऊन रायफल भरत आणि मधूनच नुसतं रिकामं काडतूस घालत. नातवाला कळायचं नाही. चाप ओढला, बार झाला नाही, आणि नळीचं तोंड खाली झुकलं, की समजायचं, पोर धक्क्याला भितंय. पहिल्या दिवशी झुकलं. तिसऱ्या आठवड्यात नळी दगडासारखी स्थिर. मला त्या क्षणी दादाचे मिटलेले डोळे आठवले.

एल्कचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवायच्या कागदी थाळीएवढी जागा असते. म्हणून निशाण म्हणजे कागदी थाळी. नियम असा, की बसून किंवा काठीच्या आधाराने ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या थाळीत जातात, त्याच्या पलीकडे शिकारीत बार काढायचाच नाही. ऑगस्टमध्ये एका रविवारी सून अचानक “मी येते” म्हणाली. दीडशे यार्डांवर पाचाच्या पाच थाळीत. दोनशेवर पाचातल्या चार. बाप म्हणाला, “छान! दोनशे धरू.” सून थाळी हातात घेऊन भोकं मोजत होती. ती म्हणाली, “चार म्हणजे एक चुकली. ती चुकलेली कुठे लागली असती? दीडशे.” दीडशेच ठरलं. पोटाला लागली असती, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माझ्याइतकंच कळलं होतं.

गोळ्या तांब्याच्या घ्यायच्या हेही तिनेच शोधून काढलं. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात विखुरतात आणि ते पोरांच्या पोटात जाणं चांगलं नाही. स्वतः खाणार नव्हती, पण घरात शिजणार होतं ना! मारलेल्या जनावराचं मांस रानात टाकून देणं तिथे गुन्हा आहे. अंगावर भडक केशरी जाकीट आणि टोपी घालायची, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. २०१६ पासून गुलाबीही चालतं, पण नातवाने त्याला साफ नकार दिला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी पाचगणीला परत आले. दिवाळीची चकली तळत होते तेव्हा फोन आला. आमची सकाळ, त्यांची रात्र. पहिल्या दिवशी कळप दिसला तो लांब, तीनशे यार्डांवर, म्हणून तसाच जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे एक मादी एकशेवीस यार्डांवर आडवी उभी राहिली. एक बार. ती दहा-बारा पावलं गेली आणि बसली, ती उठली नाही. सांगता सांगता नातवाचा आवाज बसला. मग सुनेने फोन घेतला. “रडतोय, आई. जेवला नाही. मी जवळ बसलेय.” जरा थांबून म्हणाली, “किल्ल्या मी परत घेतल्यात.”

चकलीचं तेल उतरवून मी दादाला फोन लावला. तो वाईला असतो, आता पंच्याहत्तरीचा. मी सगळं सांगितलं : मादी, एकशेवीस यार्ड, एक बार. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला,

“दस्ता कुठे धरला होता त्याने?”

“खांद्यात,” मी म्हटलं. “नीट खांद्यात, दादा.”

“बरं,” म्हणाला. “चकल्या पाठव थोड्या.”